हेराची बिदागी

जॉन वेब्स्टरच्या 'द डचेस ऑफ माल्फी'च्या चौथ्या अंकात डचेसचा गळा आवळून खून होतो. तिच्या दोन लेकरांचा होतो, दासीचाही होतो. हे सगळं पार पाडणारा बोसोला मग मालकाकडे वळतो आणि आपला मेहनताना मागतो. मालक म्हणजे डचेसचा जुळा भाऊ फर्डिनांड. तो म्हणतो, तुला खुनाची माफी दिली, हीच तुझी बक्षिशी. वर विचारतो, हे करायचा अधिकार तुला दिला कोणी? तुम्हीच दिलात, बोसोला म्हणतो. मी? मी काय तिचा न्यायाधीश होतो? कुठल्या कोर्टाने तिला शिक्षा सुनावली होती?

कॉलेजात हा प्रवेश मला नुसता रक्तबंबाळ वाटला होता. परीक्षेत 'वेब्स्टरची भयानकता' ह्यावर पान-दीड पान खरडण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. पुढे नोकरीत केस पिकले आणि एके दिवशी सहज पुस्तक उघडलं, तर फर्डिनांडचं बोलणं ओळखीचं वाटलं. साहेबाने तोंडी सांगितलेलं काम करून मोकळं व्हावं आणि चौकशी लागली की त्याच साहेबाने विचारावं, 'लेखी ऑर्डर कुठाय?' हे ज्याने ऐकलेलं नाही त्याने नोकरीच केलेली नाही. बोसोला त्या क्षणी खुनी वगैरे आहेच, पण त्याहून आधी तो पगार थकलेला माणूस आहे.

तेव्हापासून एलिझाबेथ राणीच्या आणि तिच्या मागून आलेल्या पहिल्या जेम्सच्या काळातली नाटकं वाचताना मी एकच गोष्ट शोधत असतो: हेराला पैसे कोण देतं, किती देतं आणि अखेर देतं का. त्या नाटकांत हेर जागोजागी आहेत. पडद्याआडचे, छतातले, मित्र म्हणून आलेले, बाजारात मटणाच्या टोपल्या हुंगत फिरणारे. नाटककार त्यांना शिव्या घालतात हे खरं, पण शिव्या घालताना त्यांचा हिशेबही मांडतात. मला तो हिशेब जास्त बोलका वाटतो.

बोसोलाचाच घ्या. हा शिकलेला माणूस. डचेसचा दुसरा भाऊ कार्डिनल, म्हणजे चर्चमधला बडा अधिकारी, त्याच्या सांगण्यावरून केलेल्या खुनापायी गलबतावर वल्ही मारत सक्तमजुरी भोगून परतलाय आणि दारोदार काम मागतोय. फर्डिनांड त्याच्या हातावर सोनं ठेवतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, कोणाचा गळा कापायचाय? गळा नाही, नोकरी आहे. डचेसच्या पागेवर देखरेख करायची आणि ती विधवा पुन्हा लग्न करते का, कोण येतं-जातं, ते कळवायचं. बोसोलाला हे किळसवाणं वाटतं, तो ते तोंडावर बोलूनही दाखवतो, आणि नोकरी धरतो. माझी अनीती घोड्याच्या लिदीतून उगवली म्हणा, असं तोच म्हणतो.

मग येतात जर्दाळू. डचेसने आपल्याच कारभाऱ्याशी, अँटोनियोशी, गुपचूप लग्न केलंय. ती सैल झगे घालते, तिला मळमळतं, डोळ्यांखाली निळसर झाक आलीय. बोसोलाला संशय आहे, पुरावा नाही. तो हंगामातले पहिले जर्दाळू घेऊन येतो. तिला डोहाळे असणार हा त्याचा अंदाज, आणि ती अधाशासारखी खात सुटते. सोलून नाही का घेणार, तो विचारतो. ती नको म्हणते, कस्तुरीसारखी चव लागतेय म्हणते. खाऊन झाल्यावर तो सांगतो, माळ्याने हे घोड्याच्या लिदीत पिकवलेत. तिच्या पोटात कळा सुरू होतात आणि त्याच रात्री ती बाळंत होते. बाईच्या गरोदरपणावर पाळत ठेवायची तर हेराला बाईइतकंच बारीक बघावं लागतं, आणि वेब्स्टरने ते बघणं बोसोलाला दिलंय. १६२३ साली हे नाटक छापलं गेलं तेव्हा सोबत नटांची यादीही छापली. तिच्यात सर्वांत वर बोसोला आहे, जॉन लोविन ह्या नटाच्या नावासकट. सरदार, कार्डिनल, सगळे त्याच्या खाली.

असे बोसोला लंडनच्या रस्त्यांवर हिंडत होते. विद्यापीठांतून पदवीधर बाहेर पडत होते आणि त्यांना पुरतील एवढ्या जागा ना चर्चमध्ये होत्या ना दरबारात. नाटककार ख्रिस्तोफर मार्लो हा कँटरबरीच्या चांभाराचा पोरगा, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकला. १५८७ मध्ये विद्यापीठ त्याची एम. ए.ची पदवी अडवून बसलं, कारण तो फ्रान्समध्ये ऱ्हॅंस इथल्या कॅथलिकांना जाऊन मिळणार अशी आवई उठली होती, आणि प्रॉटेस्टंट इंग्लंडात कॅथलिक म्हणजे शत्रुपक्ष. तेव्हा राणीच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, विद्यापीठाला पत्र धाडलं: ह्याने देशाच्या हिताची कामं केली आहेत, पदवी देऊन टाका. कामं कोणती ते पत्रात नाही. पदवी मात्र मिळाली. सरकारने बिदागी अशीही दिली, दुसऱ्याच्या खिशातून.

त्या काळी हे सगळं हेरखातं चालवत होता राणीचा सचिव सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम. त्याचाही हिशेब बघा. १५९० मध्ये तो वारला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं, आणि मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं की माझ्या दफनाला थाटमाट करू नका. रात्रीच्या वेळी सेंट पॉल्समध्ये त्याला पुरलं. खात्याचा मुख्यच असा, तर खालच्यांची काय कथा.

खालच्यांतला एक रॉबर्ट पोली. १५८६ मध्ये अँथनी बॅबिंग्टन आणि त्याच्या दोस्तांनी एलिझाबेथला मारून स्कॉटलंडच्या मेरीला गादीवर बसवायचा कट केला, त्यात पोली मित्र म्हणून शिरला. बॅबिंग्टनचा त्याच्यावर इतका जीव, की सगळं फुटल्यावर त्याने जे पत्र लिहिलं त्यातही त्याचा निश्चय होत नाही. 'गोड रॉबिन, तू मला वाटतोस तसा खरा असशील तर रामराम. आणि नसशील तर दोन पायांवर चालणाऱ्यांत तुझ्याइतका नीच कोणी नाही,' अशा अर्थाचं ते वाक्य आहे. एकाच वाक्यात दोन्ही. मला हे त्या काळच्या अर्ध्याअधिक शोकांतिकांपेक्षा थोर वाटतं. बॅबिंग्टन फासावर गेला.

हाच पोली ३० मे १५९३ रोजी लंडनजवळच्या डेटफर्डला एलिनॉर बुल नावाच्या विधवेच्या घरी होता. चौघे जण. मार्लो, पोली, निकोलस स्केअर्स आणि इन्ग्रम फ्रायझर. सकाळी दहाला जमले, जेवले, बागेत फेऱ्या मारल्या, संध्याकाळी पुन्हा जेवले आणि बिलावरून जुंपली. फ्रायझरचा खंजीर मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर घुसला. पंचनाम्यात जखमेची खोली दोन इंच आणि खंजिराची किंमत बारा पेन्स लिहिली आहे. महिना उलटायच्या आत फ्रायझरला माफी मिळाली. हा लॅटिन पंचनामा लेस्ली हॉटसन ह्या संशोधकाने १९२५ मध्ये उजेडात आणला आणि तेव्हापासून त्या बिलावर माणसं तर्क लढवताहेत. मी त्यात पडत नाही. मला दुसरा कागद आवडतो. त्याच जून महिन्यात पोलीला सरकारी तिजोरीतून ३० पौंड मिळाले, ८ मे ते ८ जून ह्या काळात राणीची पत्रं हेगला पोचवून उत्तरं आणल्याबद्दल. आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की ह्या सगळ्या दिवसांत तो राणीच्या कामावर होता. म्हणजे डेटफर्डची ती बैठकही ड्यूटीतच धरायची. नाटककाराला एका नाटकाचे साधारण सहा पौंड मिळत त्या काळी. पोलीची एक खेप म्हणजे पाच नाटकं झाली, प्रवासखर्च त्यातच धरला तरी.

हे झाले राज्याचे हेर. पण त्यांच्यापेक्षा लोकांच्या रोजच्या संतापाचा धनी होता तो साधा खबऱ्या. त्या वेळी इंग्लंडात पगारी पोलीस नव्हते. कायदा मोडणाऱ्याला कोर्टात खेचणाऱ्याला दंडातला अर्धा वाटा मिळे. म्हणजे चुगली हा चक्क धंदा. ह्या धंदेवाल्यांनी १५७० मध्ये स्ट्रॅटफर्डच्या एका हातमोजेवाल्यावर बेकायदा व्याजाने कर्ज दिल्याची फिर्याद केली. ८० आणि १०० पौंडांवर प्रत्येकी वीस पौंड व्याज. दोन वर्षांनी लोकरीच्या चोरट्या व्यापाराबद्दल पुन्हा. हातमोजेवाल्याचं नाव जॉन शेक्सपिअर, आणि पहिल्या खटल्याच्या वेळी त्याचा मुलगा विल्यम सहाएक वर्षांचा होता.

खबऱ्यांची खरी जिरवली ती मात्र टॉमस मिडल्टनने, १६१३ च्या 'अ चेस्ट मेड इन चीपसाइड' मध्ये. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस आहेत, मांस विकायला बंदी, फक्त आजाऱ्यांना परवानगी. दोन खबरे नाक्यावर दबा धरून बसलेत. एकाची टोपली पकडतात, मांस जप्त. दुसरा येतो, त्याला सोडून देतात, कारण त्याच्या मालकाचा हप्ता पोचलेला असतो. (चारशे वर्षांपूर्वीचं नाटक आहे, पुन्हा सांगतो.) मग एक खेडवळ पोरगी टोपली घेऊन येते. वर मटण दिसतंय. ती रडते, भेकते, मी मालकाला घेऊन येते, तोवर ही टोपली सांभाळाल अशी शपथ घ्या म्हणते. ते खुशाल शपथ घेतात. ती जाते. हे आत हात घालतात, मटण निघतं, आणि मटणाखाली तान्हं पोर. शपथ घेतलीय, टाकताही येत नाही. आता आपली अर्धी कमाई पेजेत आणि दाईच्या पगारात जाणार, असा एकाचा विलाप आहे. दंडातला अर्धा वाटा खाणाऱ्याची अर्धी कमाई अशी गेली. प्रेक्षकांतल्या प्रत्येक खाटकाने टाळी दिली असेल.

शेक्सपिअर एवढा उघड हसत नाही. 'हॅम्लेट'च्या दुसऱ्या अंकाचा आरंभ आठवा, म्हणजे आठवत असेल तर, कारण प्रयोगात तो बहुधा कापतात. आमच्या हौशी ग्रुपने एकदा नाटकाचं वाचन ठेवलं तेव्हाही पहिली कात्री ह्याच प्रवेशाला लागली. रेनाल्डो माझ्याकडे होता, त्यामुळे तो राग अजून आहे. राजाचा मंत्री पोलोनियस आपल्या नोकराला, रेनाल्डोला, पॅरिसला पाठवतोय, पोरावर नजर ठेवायला. हातात पैसे देतो आणि रीत शिकवतो: आधी तिथले डॅनिश लोक कोण, कुठे राहतात, खर्च कसा करतात ते विचार, मग म्हण, मी त्याच्या वडिलांना ओळखतो, त्यालाही थोडाफार, आणि हळूच त्याच्यावर दारू, जुगार, मारामारी असले आरोप कर, समोरचा आपसूक भर घालील. बाईबाजीसुद्धा चालेल म्हणतो. नोकर चाचरतो: 'मालक, त्याने त्यांची अब्रू जाईल.' हेरगिरीवर पाठवलेल्या गड्याला पोराच्या अब्रूची काळजी आहे आणि बापाला नाही. आणि एवढी बारीक जाळी विणता विणता म्हातारा मध्येच विसरतो, 'मी काय सांगत होतो?' रेनाल्डो त्याला त्याचंच वाक्य परत देतो. पुढे नाटकभर रेनाल्डो दिसत नाही. पॅरिसमध्ये त्याला काय कळलं ते आपल्याला कधीच कळत नाही, आणि खरं म्हणजे डेन्मार्कच्या त्या वाड्यात जमवलेल्या माहितीपैकी कशाचाच कुणाला उपयोग होत नाही. पोलोनियस पडद्यामागे लपून ऐकताना मरतो. हॅम्लेटवर पाळत ठेवायला बोलावलेले त्याचे दोन मित्र, रोझेनक्रान्त्झ आणि गिल्डेनस्टर्न, ह्यांना राणीने 'राजाच्या आठवणीला शोभेल असं' बक्षीस कबूल केलेलं असतं. हॅम्लेट रोझेनक्रान्त्झला तोंडावर सांगतो, तू स्पंज आहेस, राजाची मर्जी, बक्षिसं सगळं शोषून घेतोस. त्याला हवं तेव्हा तो तुला पिळेल आणि तू पुन्हा कोरडा.

नाटककार बेन जॉन्सनकडे वळलं की मात्र पुस्तकी गोष्ट संपते. हा माणूस ह्या चरकातून स्वतः गेला होता. १५९७ मध्ये 'द आइल ऑफ डॉग्ज' ह्या नाटकावरून तो तुरुंगात गेला (नाटकाचा आता एक कागदही उरलेला नाही). पुढे १६१८ मध्ये लंडनहून पायी स्कॉटलंडला गेला असताना विल्यम ड्रमंड ह्या कवीच्या घरी त्याने जुन्या गोष्टी काढल्या. ड्रमंडने त्या टिपून ठेवल्या, हीसुद्धा एक पाळतच म्हणायची. जॉन्सन सांगतो, एलिझाबेथच्या काळात मी कोठडीत होतो तेव्हा 'हो' आणि 'नाही' ह्यापलीकडे माझ्या तोंडून काही निघेना, म्हणून माझ्यात दोन हरामखोर आणून सोडले. तुरुंगाच्या रखवालदाराने सावध केलं म्हणून वाचलो. त्या हेरांवर त्याने तीन ओळींची कविता केली आहे: तुम्ही राज्याच्या मेणबत्त्या, पण हलक्या चरबीच्या, वात संपली की घाण सुटते आणि लोक फेकून देतात. बरा शेवट आहे, एवढं म्हणून कविता संपते.

१६०३ च्या 'सेजेनस' मध्ये त्याने तो तुरुंगातला अनुभव रोमला नेला. लाटियारिस सबायनसला घरी बोलावतो. छप्पर आणि खालची तक्तपोशी ह्यांच्या फटीत दोन साक्षीदार आधीच झोपवून ठेवलेत. लाटियारिस स्वतःच राजाविरुद्ध बोलायला लागतो, सबायनस आधी जपून, मग मोकळा होतो, आणि वरून साक्षीदार उतरतात. प्रसंग टॅसिटस ह्या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथातला आहे. त्याने कारणही लिहून ठेवलंय: ह्या लोकांना कॉन्सलपद हवं होतं आणि ते फक्त सम्राटाचा उजवा हात सेजेनस देऊ शकत होता. पुन्हा पगारच. शेक्सपिअरने ह्या नाटकात काम केलं होतं. नाटक पडलं, आणि वर जॉन्सनलाच प्रिव्ही कौन्सिलपुढे उभं केलं: कॅथलिक धर्म आणि राजद्रोह.

१६०५ हे साल तर त्याच्या आयुष्यात कुणी नाटककाराने घुसवल्यासारखं वाटतं. त्या वर्षी 'ईस्टवर्ड हो' मधल्या स्कॉटिश लोकांवरच्या टवाळीसाठी तो पुन्हा तुरुंगात. ऑक्टोबरमध्ये तो एका जेवणाला होता, तिथे रॉबर्ट केट्सबी होता, पार्लमेंट उडवून द्यायच्या कटाचा सूत्रधार. ५ नोव्हेंबरला कट फुटला. दोनच दिवसांनी कौन्सिलने जॉन्सनच्या हाती परवाना दिला: अमुक एका धर्मगुरूला शोध आणि घेऊन ये. जॉन्सन तेव्हा स्वतः कॅथलिक. त्याने राजाचा मुख्य मंत्री सॉल्झबरी ह्याला पत्र लिहिलं, खटपट केली पण कोणी सापडत नाही, सगळे ह्यात इतके गुंतलेत की आठवडाभरात पाचशे सद्गृहस्थ तरी हा धर्म सोडतील. खरंच शोधलं की शोधल्याचं नाटक केलं? मला वाटतं नाटक केलं, आणि चांगलं वठवलं. दोन महिन्यांत चर्चच्या कोर्टात त्याच्यावरच फिर्याद झाली, तो आणि त्याची बायको कम्युनियन, म्हणजे चर्चमधला प्रसाद, घेत नाहीत म्हणून.

आणि ह्याच सुमाराला त्याने पाच आठवड्यांत 'व्हॉल्पोनी' लिहिलं. त्यातला सर पॉलिटिक हा व्हेनिसमध्ये भटकणारा इंग्रज सगळीकडे हेर बघतो. दरबारातला स्टोन नावाचा विदूषक मेला हे कळल्यावर तो सांगतो, अहो, तो फार धोकादायक हेर होता. त्याला दर आठवड्याला हॉलंडहून कोबीतून बातम्या येत, आणि तो त्या संत्र्यांतून, खरबुजांतून, कोल्चेस्टरच्या कालवांतून वकिलातींना पोचवी. मी स्वतः पाहिलंय, खाणावळीत ताटातून निरोप घेतला आणि जेवण संपायच्या आत दात कोरायच्या काडीतून उत्तर दिलं. शेवटी कुणीतरी थाप मारतं की तुमच्यावर पकड-वॉरंट आहे, तेव्हा हा कासवाच्या पाठीखाली लपतो. ज्याच्या कोठडीत खरे हेर सोडले होते त्याने लिहिलेलं हे विनोदी पात्र आहे, हे ध्यानात ठेवून वाचलं की हसू थोडं वेगळं येतं.

जॉन्सनने ओळखलं होतं की नाटकवाल्याला सर्वांत जवळचा हेर प्रेक्षकांत तिकीट काढून बसलेला असतो. १६१४ च्या 'बार्थोलोम्यू फेअर'च्या सुरुवातीलाच एक कारकून प्रेक्षकांना करारनामा वाचून दाखवतो. त्यात एक कलम असं: जत्रेतली डुकराचं मांस विकणारी म्हणजे अमुक सरदारीण, उंदराचे सापळे विकणारा म्हणजे तमुक मंत्री, असली कुलुपं उघडत बसणाऱ्याला कोणी थारा देऊ नये. मराठी वाचकाला इथे 'कीचकवध' आठवल्याशिवाय राहणार नाही. खाडिलकरांचं नाटक १९०७ मध्ये आलं, आणि इंग्रज सरकारच्या बाजूच्या लोकांनी कुलूप उघडलं: कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. १९१० मध्ये बंदी आली. फरक एवढाच की जॉन्सनचा कुलूपवाला हास्यास्पद होता आणि इथला बरोबर होता. थिएटरातल्या शेवटच्या रांगेतल्यालाही ते ठाऊक होतं.

माझ्या ह्या पगाराच्या हिशेबात न बसणारा एक माणूस आहे, अँथनी मंडे. १५७८ मध्ये हा रोमला गेला, तिथल्या इंग्लिश कॉलेजात कॅथलिक म्हणवून राहिला, खाल्लं-प्यायलं. परत येऊन १५८१ च्या राजद्रोहाच्या खटल्यात तिथल्या लोकांविरुद्ध साक्ष दिली. मग त्या मुक्कामावर पुस्तकही काढलं, त्यात कॉलेजच्या जेवणात कशानंतर काय वाढत तेही बारकाईने आहे. पुढे कॅथलिकांची धरपकड करणारा म्हणून नोकरी केली, नाटकं लिहिली, लंडनच्या महापौरांच्या मिरवणुकांची संहिता लिहिली आणि १६३३ मध्ये म्हातारा होऊन मेला. त्याला कोणी वापरून फेकलं नाही. ह्याच मंडेच्या अक्षरात 'सर टॉमस मोर'चं हस्तलिखित आहे, राजाला धर्माचा प्रमुख न मानल्यामुळे डोकं गमावलेल्या कॅथलिक मोरवरचं. सेन्सॉर एडमंड टिल्नीने त्यावर दंगलीचा भाग पूर्ण गाळा असा शेरा मारला, पण शेवट तसाच राहिला. त्यात मोर वधस्तंभावर चढतो आणि म्हणतो, मी नुसतं रक्त काढून घ्यायला आलोय, डोकेदुखीवर बरं असतं असं आमचे डॉक्टर म्हणतात. मोरला इतकं प्रेमाने लिहिणाऱ्याने ती आधीची साक्ष कशी दिली, किंवा उलट, ह्याचं उत्तर मला कुठल्याही पगारात सापडत नाही. बिदागीचं म्हणाल, तर हे नाटक चार-पाच जणांनी मिळून लिहिलेलं. मंडेच्या वाट्याला फार काही आलं नसणार.